रासायनिक अपघातांचे प्रशिक्षक तयार करायचेत? सरकारी निधीची फाईल अशी चालते

मराठवाड्यात आपत्ती म्हटलं की दुष्काळ आठवतो, नाहीतर 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट. गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात आडवा पडलेला क्लोरीनचा टोनर, म्हणजे वायूचा मोठा सिलिंडर, कुणाच्या डोक्यात येत नाही. दूध शीतकरण केंद्रातला अमोनिया, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतलं इथेनॉल, सोलापूर-धुळे महामार्गावरून रात्रभर धावणारे गॅसचे टँकर हे सगळं आपल्या शेजारीच आहे, पण त्यातलं काही फुटलं-गळलं तर काय करायचं हे शिकवणारी माणसं जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतकीच.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक पट्ट्यात 20 वर्षांहून जास्त काळ सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलं. शेवटच्या काही वर्षांत आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं की दरवेळी बाहेरून व्याख्याता आणून फोटो काढण्यापेक्षा आपलेच प्रशिक्षक तयार करायचे, आणि त्यासाठी सरकारी पैसा मिळवायचा. आमची फाईल दोनदा परत आली, एकदा मंजूर झाली आणि मंजूर झालेल्यातला काही पैसा आमच्या डोळ्यांदेखत परतही गेला. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

1. योजनेचं नाव शोधत बसू नका

पहिले सहा महिने आम्ही यातच घालवले. अमेरिकेत या कामासाठी स्वतंत्र अनुदान आहे. धोकादायक माल पाठवणाऱ्या आणि वाहणाऱ्या कंपन्यांकडून दरवर्षी नोंदणी शुल्क घेतात आणि त्या पैशातून प्रशिक्षकांना शिकवणाऱ्या संस्थांना निधी देतात. इंटरनेटवर शोधलं की तेच वर येतं आणि आपल्याला वाटतं, इथेही कुठेतरी असा अर्ज भरायचा असेल.

आपल्याकडे असा नावानिशी अर्ज भरायचा नसतो. आपल्याकडे आहे ती कायद्याने आधीच कुणावर तरी टाकलेली जबाबदारी, आणि ती पार पाडायला वापरता येतील असे दोन-तीन निधी. तुमचं काम म्हणजे त्या जबाबदारीच्या कागदाला तुमची गरज जोडणं. म्हणून योजना शोधू नका, इतिवृत्त शोधा. कसलं इतिवृत्त ते तिसऱ्या पायरीत सांगतो.

2. धोक्याची यादी आधी स्वतः फिरून करा

एक वही घ्या आणि तालुका फिरा. कारखाने, शीतगृहं, बर्फाचे कारखाने, पाणीपुरवठा योजना, गॅसची गोदामं, पेट्रोल पंप, टँकर थांबतात ते ढाबे. प्रत्येकासमोर रसायनाचं नाव, अंदाजे साठा, जवळची वस्ती आणि शाळा किती अंतरावर आहे ते लिहा. अति धोकादायक कारखान्यांची अधिकृत यादी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते, त्यातल्या कारखान्यांना सगळे 'एमएएच युनिट' (मोठ्या अपघाताचा धोका असलेले कारखाने) म्हणतात. पण नगरपालिकेचा क्लोरीन टोनर बऱ्याचदा त्या यादीत बसत नाही, आणि आमच्या भागात खरी भीती त्याचीच होती. एका टोनरमध्ये साधारण 900 किलो क्लोरीन असतो. हा वायू हवेपेक्षा अडीच पट जड, म्हणजे गळला की ओढ्या-नाल्याने सखल वस्तीकडे सरकणार.

ही वही पुढे प्रस्तावाचं पहिलं पान होते. 'रासायनिक आपत्तींचे प्रमाण वाढत असून' असल्या वाक्यांनी कुणी हलत नाही. 'टाकीपासून 200 मीटरवर जिल्हा परिषदेची शाळा' हे वाचून हलतात.

3. विषय लोकल क्रायसिस ग्रुपच्या बैठकीत आणा

सगळ्या लेखातली ही पायरी सर्वात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर.

भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले आणि 1996 मध्ये रासायनिक अपघातांसाठी नियोजन, पूर्वतयारी व प्रतिसादाचे नियम. या 1996 च्या नियमांनी चार पातळ्यांवर गट केले: केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक. यातला स्थानिक गट म्हणजेच लोकल क्रायसिस ग्रुप. जिल्हा गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, स्थानिक गटाचे अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपले प्रांत. सदस्य सचिव दोन्हीकडे कारखाने निरीक्षक.

आता नीट वाचा. नियमाप्रमाणे स्थानिक गटाने दर महिन्याला भेटायचं, जिल्हा गटाने दर 45 दिवसांनी. स्थानिक गटाने दर सहा महिन्यांनी एक पूर्ण स्वरूपाची रंगीत तालीम घ्यायची. आणि रासायनिक अपघात हाताळणाऱ्या माणसांना प्रशिक्षण देणं हे याच गटाचं लेखी कर्तव्य आहे. म्हणजे तुम्ही जे मागताय ते उपकार म्हणून मागत नाही आहात. तुम्ही त्यांचंच राहिलेलं काम करायला हातभार लावताय. साहेबांसमोर मात्र हे असं तोंडावर म्हणू नका. 'सर, नियमातली तरतूद आहे, आपण पूर्ण करून घेऊ' एवढंच म्हणा.

प्रत्यक्षात करायचं असं. सदस्य सचिवांच्या कार्यालयात जाऊन पुढची बैठक कधी आहे ते विचारा. बैठक बरेच दिवस झाली नसेल तर तक्रारीच्या सुरात बोलू नका, विषयपत्रिकेसाठी एक पानी पत्र द्या. पत्रात एकच मागणी: 'प्रशिक्षकांचे प्रशिक्षण आयोजित करण्याबाबत चर्चा व निर्णय'. टपाल शाखेत देऊन आवक क्रमांकाचा शिक्का तुमच्या प्रतीवर घ्या. बैठकीला उद्योजक संघटनेचा प्रतिनिधी असतोच, त्याला आधी भेटून ठेवा म्हणजे विषय निघाल्यावर दुजोरा मिळतो.

बैठकीनंतर खरी लढाई इतिवृत्ताच्या शब्दांची. आमच्या पहिल्या इतिवृत्तात लिहून आलं, 'प्रशिक्षणाबाबत सर्वांनी सहकार्य करावे असे ठरले.' या वाक्यावर एक रुपया मिळत नाही. पुढच्या बैठकीत आम्ही वाक्यच लिहून नेलं: 'तालुक्यातील 24 व्यक्तींना प्रशिक्षक म्हणून प्रशिक्षित करण्याचा प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे सादर करण्यास मान्यता देण्यात आली.' कुणाला, किती, कुणाकडे हे तिन्ही त्यात आलं पाहिजे.

4. पैसा कुठून मागायचा

आमची फाईल इथेच दोनदा आपटली.

पहिल्यांदा आम्ही विषयात 'रासायनिक आपत्ती निवारण अनुदान' असं लिहिलं. एका कार्यालयाने त्रुटी काढून परत पाठवलं: सदर आपत्ती अधिसूचित यादीत नाही. चिडचिड झाली, पण त्यांचं बरोबर होतं. आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, टोळधाडीसारखे कीडहल्ले आणि थंडीची लाट आहे. रासायनिक अपघात हा शब्द त्यात नाही. आग आहे.

मग मार्ग कोणते?

पहिला, पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीचा. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांचा आपत्ती निधी विभागून दिला: 20 टक्के सौम्यीकरणाला (धोका आधीच कमी करण्याच्या कामांना), बाकी 80 टक्के प्रतिसाद निधीत. त्या 80 मधले 40 मदतीला, 30 पुनर्बांधणीला आणि 10 पूर्वतयारी व क्षमताबांधणीला. तुमचा प्रस्ताव या शेवटच्या 10 च्या भाषेत लिहा. 'निवारण', 'मदत', 'नुकसान' हे शब्द काढून टाका आणि 'क्षमताबांधणी', 'प्रतिसाद दलांचे प्रशिक्षण' हे ठेवा. सोबत चालू निकषांचा शासन निर्णय जोडा, कारण वित्त आयोगाचा कालावधी बदलला की टक्केवारीही बदलते आणि टेबलावरचा माणूस सर्वात आधी तेच तपासतो.

दुसरा, जिल्हा वार्षिक योजना, म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा निधी. नावीन्यपूर्ण योजनेच्या शीर्षाखाली हा विषय मांडता येतो. इथला सापळा असा की पैसा कार्यान्वयन यंत्रणेला, म्हणजे काम प्रत्यक्ष राबवणाऱ्या कार्यालयाला मिळतो आणि ती यंत्रणा शासकीय असावी लागते. आम्ही दुसऱ्यांदा फाईल टाकली ती उद्योजकांच्या सुरक्षा मंडळाच्या नावाने. परत! तिसऱ्यांदा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कार्यान्वयन यंत्रणा केलं, आम्ही 'तांत्रिक सहकार्य' या ओळीत गेलो आणि फाईल चालायला लागली. श्रेय कुणाचं यावर अडून बसू नका.

तिसरा मार्ग फक्त अग्निशमन दलाच्या माणसांसाठी. केंद्रीय गृह मंत्रालयाने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी 5,000 कोटींची योजना आणली, तीही क्षमताबांधणीच्याच खिडकीतून. तालुक्याच्या पातळीवर याचा अर्ज नसतो. पण नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांमार्फत राज्य अग्निशमन संचालनालयाकडे प्रशिक्षणाची गरज लेखी कळवून ठेवता येते. कळवून ठेवाच.

कंपन्यांच्या सीएसआरची (सामाजिक जबाबदारीच्या निधीची) रक्कमही मिळू शकते, कारण कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये आपत्ती व्यवस्थापन आहे. मात्र एक भान ठेवा: कारखान्याच्या स्वतःच्या कामगारांना शिकवणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. ते काम सरकारी पैशातून मागितलंत तर फाईल तर जाईलच, वर तुमची पतही जाईल. तुमची माणसं कुंपणाबाहेरची हवीत.

5. माणसं कोणती निवडायची

जी जिल्ह्यात टिकतील ती. पहिल्या यादीत आम्ही हौसेने अधिकारी घातले. वर्षभरात निम्म्यांच्या बदल्या झाल्या. आता विचाराल तर सांगेन: नगरपरिषदेचे कायम फायरमन, आयटीआयचे निदेशक, होमगार्डचे जुने पथकनायक, एमआयडीसी अग्निशमन केंद्राचे कर्मचारी, आपदा मित्र (आपत्तीसाठी तयार केलेले स्वयंसेवक), पाणीपुरवठ्याचे पंपचालक. पंपचालकाला कुणी बोलवत नाही, पण टोनरचा व्हॉल्व्ह रोज तोच फिरवतो. आमच्या तुकडीतला सगळ्यात चांगला प्रशिक्षक असाच एक दहावी पास पंपचालक निघाला. त्याला समजावून सांगायची हातोटी होती आणि मुख्य म्हणजे तो गावातच राहणार होता.

प्रत्येकाकडून लेखी हमी घ्या: प्रशिक्षणानंतर वर्षभरात किमान चार सत्रं घेईन. त्याच्या कार्यालयाकडून कार्यमुक्तीचं पत्रही आधीच घ्या, नाहीतर आदल्या दिवशी फोन येतो, 'साहेब सोडत नाहीत.'

6. कुठे शिकवायचं, किती खर्च

मराठवाड्यातून जवळची आणि भरवशाची ठिकाणं अशी: नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, नागपूरचीच एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) अकादमी, पुण्यात यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेचं आपत्ती व्यवस्थापन केंद्र, मुंबईत सायनची केंद्रीय श्रम संस्था. पुण्याजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफची 5 वी बटालियन आहे, प्रात्यक्षिकासाठी त्यांना जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राने विनंती करता येते. संस्थेचं लेखी संमतिपत्र आणि शुल्काचा तपशील आल्याशिवाय अंदाजपत्रक करू नका.

अंदाजपत्रकात लोक शुल्क, प्रवास, जेवण घालतात आणि थांबतात. दोन गोष्टी हमखास राहतात.

एक, सरावात खपणाऱ्या वस्तू. श्वसन उपकरणाचा सिलिंडर कागदावर 30 ते 45 मिनिटांचा, पण घाबरलेला नवखा माणूस तो बराच आधी संपवतो आणि हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागते. 24 जणांना प्रत्येकी दोनदा सराव द्यायचा तर पुन्हा भरण्याचा खर्च आलाच. हातमोजे, फिल्टर, फोम, बांधायच्या पट्ट्या यांचंही तसंच.

दुसरी, मराठी साहित्य. ही ओळ मी भांडून ठेवली होती. पुस्तिका येतात इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि भाषांतर कुणीतरी घाईत करतं. एका पुस्तिकेत छापलं होतं, 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला थांबावे.' सरावाच्या मैदानावर 24 जण दोन बाजूंना पांगले! एकाने विचारलं, 'म्हणजे वारा पाठीवर घ्यायचा का तोंडावर?' प्रश्न अगदी रास्त होता. शेवटी आम्ही वाक्य बदललं: 'तोंड गळतीकडे, वारा पाठीवर.' काठीला रुमाल बांधून मैदानात रोवला आणि तीनदा जागा बदलून करून घेतलं. तेव्हा जमलं. शिकवणाऱ्यांना शिकवताना असे शब्द तिथल्या तिथे घासूनपुसून घ्यावे लागतात. पाच दिवसांतला एक पूर्ण दिवस प्रत्येकाने मराठीत 10 मिनिटं शिकवून दाखवण्यासाठी ठेवा.

टँकरच्या मागची पाटी वाचणं हा धडाही असाच हातात घेऊन शिकवा. खरा टँकर उभा करा. पेट्रोलच्या पाटीवर 1203 हा क्रमांक आणि 3वायई (3YE) हा संकेत दिसेल. त्यातला 3 म्हणजे फोम वापरा, शेवटचा ई म्हणजे लोकांना हलवण्याचा विचार करा. आपल्याकडे टँकर उलटला की लोक बादल्या घेऊन धावतात. ती पाटी वाचता येणारा एक माणूस तिथे असला तरी चित्र बदलतं.

7. फाईलला लागणारे कागद

- क्रायसिस ग्रुपच्या बैठकीचं इतिवृत्त, सहीशिक्क्याची प्रत
- जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यातलं रासायनिक धोक्याचं पान (आराखड्यात नसेल तर आधी घालायला लावा)
- तुमच्या वहीतून केलेली धोक्याच्या ठिकाणांची यादी, नकाशासह
- 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 30 चा उतारा. जिल्हा प्राधिकरणाने विशेष प्रशिक्षण आयोजित करावं हे त्यात आहे
- प्रशिक्षण संस्थेचं संमतिपत्र आणि अभ्यासक्रम
- अंदाजपत्रक, प्रत्येक दराचा आधार लिहून. वस्तूंसाठी तीन दरपत्रकं किंवा जेम या सरकारी खरेदी पोर्टलचे दर
- प्रशिक्षणार्थींची यादी, हमीपत्रं, कार्यमुक्तीची संमती
- स्वयंसेवी संस्था सहभागी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, दर्पण (स्वयंसेवी संस्थांचं सरकारी नोंदणी पोर्टल) क्रमांक, रद्द केलेला धनादेश

तीन संच करा. एक त्यांचा, एक तुमचा आणि एक हरवण्यासाठी. थट्टा नाही, आमचा एक संच खरोखरच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना गडप झाला.

दरपत्रकांबाबत एक. तिन्ही पत्रं एकाच दिवशीची, एकाच धाटणीची आणि एकाच प्रिंटरची असली की लेखाधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. खरी आणा.

8. वेळेचं गणित

जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात ठरतो, त्यामुळे दिवाळीच्या आत तुमचा प्रस्ताव यंत्रणेच्या मागणीत गेला पाहिजे. मंजुरीआधी निवडणूक लागली तर आचारसंहितेत नवीन कामाला प्रशासकीय मान्यता मिळत नाही. तेवढे महिने धरूनच चला.

पैसा येतो बहुधा वर्षाच्या शेवटी, आणि 31 मार्चपर्यंत खर्च दाखवावा लागतो. आम्हाला निधी वितरणाचा आदेश मिळाला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. संस्थेकडे तारखा नव्हत्या. साहित्याचं बिल कोषागारात वेळेत गेलं, प्रशिक्षण शुल्काचं गेलं नाही, आणि तेवढी रक्कम समर्पित झाली, म्हणजे सरकारकडे परत गेली. पुढच्या वर्षी ती परत मागताना पहिल्या पायरीपासून सुरुवात! म्हणून संस्थेकडून संमतिपत्र घेतानाच फेब्रुवारीतल्या दोन पर्यायी तारखा लिहून घ्या.

एप्रिल-मे तर ठेवूच नका. पारा 42 वर असताना पूर्ण बंद रासायनिक पोशाखात माणूस 15 मिनिटं उभा केला तरी आतून घामाने निथळतो, चक्कर येते. आम्ही एप्रिलमध्ये एक दिवस करून पाहिलं. दोघांना सलाईन लावायची वेळ आली आणि उरलेला सराव पहाटे सहाला घ्यावा लागला.

9. पैसा मिळाल्यावर

स्वतंत्र रोकडवही ठेवा. हजेरीपटावर रोज दोनदा सह्या घ्या, सकाळी आणि जेवणानंतर. फोटोत तारीख आणि ठिकाण दिसू द्या. काम संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, लगेच द्या. ते थकलं की पुढची मागणी कुणी उघडूनही बघत नाही. खर्च अंदाजापेक्षा कमी झाला तर उरलेली रक्कम चलनाने भरा आणि चलनाची प्रत फाईलला लावा. 1,140 रुपये परत भरल्याचं आमचं चलन पाहून लेखा शाखेतले बाबू हसले होते, पण दुसऱ्या वर्षी आमच्या फाईलला त्यांनी एकही त्रुटी काढली नाही.

शेवटचा कागद कुणी मागत नाही, तरी ठेवा: प्रशिक्षकनिहाय नोंदवही. कोणी, कुठे, कोणत्या तारखेला, किती लोकांना, कशावर शिकवलं. सहामाही रंगीत तालमीच्या आधी ती लोकल क्रायसिस ग्रुपच्या बैठकीत घेऊन जा आणि त्या आकड्यांची नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. पुढच्या वर्षीच्या प्रस्तावाला पहिलं जोडपत्र तेच लागतं.